घरटी उत्पन्नाची तुटक रेघ

"एका संध्याकाळचं काम आहे," हे मी माझ्याच तोंडाने म्हटलं होतं. तारीख ९ सप्टेंबर २०२४, सोमवार. काम संपलं १६ जानेवारी २०२५ ला, रात्री साडेअकराला. मधल्या चार महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत यावर एक ओळही सापडली नव्हती.

आम्ही डेन्व्हरच्या उत्तरेला राहतो, कोलोरॅडोत. इथल्या एका छोट्या संस्थेत मी आठवड्यातले दोन दिवस हिशेब बघायला जाते. भाडं थकलेल्या लोकांना घर सोडावं लागू नये म्हणून ही संस्था मदत करते. अनुदानाच्या अर्जाला एक आलेख जोडायचा होता: आम्ही काम करतो त्या ॲडम्स आणि ब्रूमफिल्ड या दोन काउंट्यांमध्ये घरटी मध्यक उत्पन्न गेल्या तीसेक वर्षांत कसं बदललं, महागाई वजा जाता. अर्जाची शेवटची तारीख १७ जानेवारी.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. मध्यक म्हणजे सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमाने ओळीत उभी केली की बरोबर मधोमध येणारं घर. एखादा अब्जाधीश राहायला आला तर सरासरी उसळी मारते, मध्यक ढिम्म राहतो. इथवर मला माहीत होतं. 'घरटी' हा शब्द मात्र मी नंतर मुद्दाम धरला. आधी वहीत मी 'कौटुंबिक उत्पन्न' लिहीत होते आणि त्या एका शब्दाने माझा अख्खा शनिवार खाल्ला. ते पुढे येईलच.

माझी समजूत अशी की सरकारी संकेतस्थळावर काउंटी निवडायची, वर्षं निवडायची, की खाली एक सलग रकाना पडेल. तसा रकाना नाही. पूर्वी दर दहा वर्षांच्या जनगणनेत काही घरांना लांब प्रश्नावली जायची. देशभराचा हिशेब काढला तर साधारण सहातल्या एका घराला, लहान गावांत त्याहून दाट. तीत उत्पन्न विचारायचे, तेही आदल्या कॅलेंडर वर्षाचं. म्हणून २००० च्या जनगणनेतला आकडा १९९९ चा असतो, १९९० चा १९८९ चा. माझ्या पहिल्या तक्त्यात सगळी वर्षं एकाने पुढे सरकलेली होती.

२००० नंतर लांब प्रश्नावली बंद झाली. तिच्या जागी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे आला, २००५ पासून पूर्ण प्रमाणावर. ही पाहणी वर्षभर, दर महिन्याला चालते आणि 'गेल्या बारा महिन्यांत किती मिळालं' असं विचारते. तिचे एका वर्षाचे अंदाज फक्त ६५,००० हून जास्त वस्तीच्या भागांना मिळतात. कोलोरॅडोत ६४ काउंट्या आहेत, त्यांतल्या जेमतेम १२ या गाळणीतून खाली येतात. बाकीच्यांना पाच वर्षांचा माल एकत्र करून केलेला अंदाज. त्यातली पहिली खेप २००५ ते २००९ ची, ती २०१० च्या डिसेंबरात आली. म्हणजे ॲडम्सला दरवर्षी आकडा. ब्रूमफिल्डची वस्ती २०१० साली ५५,८८९ होती, म्हणून तेव्हा वार्षिक आकडा नाही. २०२० साली ती ७४,११२ झाली, म्हणून आता आहे. एकाच आलेखातल्या दोन रेघा, दोन वेगळ्या गजांनी मोजलेल्या.

पहिला आठवडा किल्लीत आणि शून्यात गेला. किल्ली म्हणजे जनगणना विभागाकडून आकडे थेट ओढून घ्यायला लागणारा एक लांबलचक सांकेतिक शब्द. फुकट मिळतो, ईमेल पाच मिनिटांत येतो. पण त्या ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारून किल्ली चालू करावी लागते. मी ती ओळ वाचलीच नाही आणि दोन दिवस 'अवैध किल्ली' बघत बसले.

शून्याची गोष्ट जास्त चिडवणारी. प्रत्येक काउंटीला पाच आकडी क्रमांक असतो, आधी राज्य, मग काउंटी. कोलोरॅडोचा ०८, ब्रूमफिल्डचा ०८०१४. फाईल एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल पुढचं शून्य गिळतं आणि उरतं ८०१४. एका फाईलमध्ये ०८०१४, दुसरीत ८०१४, दोन्ही जोडायला गेले तर ६४ पैकी एकही ओळ जुळेना. रात्री एक वाजता नवरा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शून्य कुठे गेलं?" तुम्ही हे करणार असाल तर तो रकाना आधीच 'मजकूर' म्हणून आयात करा. ज्यांची राज्यं शून्याने सुरू होत नाहीत त्यांना हा त्रासच नाही, त्यामुळे मदतीच्या पानांवर कुणी ओरडताना दिसत नाही.

जुने आकडे मिनेसोटा विद्यापीठाच्या एनएचजीआयएस या संग्रहातून घेतले. तेही फुकट. नाव नोंदवायचं, तक्ते टोपलीत टाकायचे, मागणी पाठवायची. माझी फाईल तासाभरात तयार झाली. त्यांचे क्रमांक इंग्रजी जी अक्षराने सुरू होतात, त्यामुळे शून्य शाबूत राहतं. ज्या कुणाला हे सुचलं त्याला माझा नमस्कार. सोबत येणारी संहितेची फाईल मात्र टाकून देऊ नका. तिच्याशिवाय रकान्यांची नावं म्हणजे नुसती अक्षरांची उसळ.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात महागाईशी गाठ पडली. १९९९ चा आकडा १९९९ च्या डॉलरमध्ये असतो. तो ग्राहक किंमत निर्देशांकाने वर आणायचा. १९९९ चा निर्देशांक १६६.६, २०१९ चा २५५.६५७, म्हणजे साधारण १.५३ ने गुणायचं. हे बरोबर केलं. मग उत्साहाच्या भरात पाचवर्षीय आकडेही वर आणले. २०१५-१९ चा मध्य २०१७, म्हणून २०१७ ते २०१९ ची महागाई चढवली. पण तो आकडा मुळातच २०१९ च्या डॉलरमध्ये दिलेला असतो! शेजारच्या डेन्व्हर काउंटीच्या ६८,५९२ वर मी असे सुमारे ३,००० डॉलर फुकटचे चढवले होते. तक्त्याच्या शीर्षकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. शीर्षक वाचा, एवढंच सांगते.

दुरुस्ती केल्यावर पहिल्यांदा काहीतरी दिसलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. डेन्व्हरचं १९९९ चं मध्यक ३९,५००. २०१९ च्या डॉलरमध्ये सुमारे ६०,६००. त्यापुढे ६८,५९२, म्हणजे खरी वाढ. दक्षिणेची डग्लस काउंटी, इथली श्रीमंत: १९९९ ला ८२,९२९, म्हणजे २०१९ चे जवळपास १,२७,०००. आणि २०१५-१९ चा आकडा १,१९,७३०. कागदावर ३७,००० डॉलरची वाढ, प्रत्यक्षात घट. आमची ॲडम्स ४७,३२३ वरून निघाली, २०१९ च्या डॉलरमध्ये ७२,६०० च्या आसपास, आणि वीस वर्षांनी जवळपास जागेवरच होती. भाडी जागेवर नव्हती हे आमच्या दारात येणारा प्रत्येक माणूस सांगतो.

पण थांबा. डग्लसची वस्ती २००० साली १,७५,७६६ होती, २०२० साली ३,५७,९७८. अर्ध्याहून जास्त माणसं नवीन. ओळ तीच, ओळीतली घरं वेगळी. 'लोकांचं उत्पन्न घटलं' असं वाक्य मी अर्जाच्या कच्च्या खर्ड्यात लिहिलं होतं, ते खोडलं. मध्यक काउंटीबद्दल सांगतो, कुणा एका घराच्या प्रवासाबद्दल नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा. घरी पाटीपूजन करून मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. १९७९ पर्यंत मागे जावं अशी हौस आली होती आणि सरकारी प्रकाशनं जपणाऱ्या अशा ग्रंथालयांत जनगणनेचे छापील खंड कुणालाही बघता येतात. गाडी लावायचे १२ डॉलर गेले. जाड, करड्या बांधणीचे खंड, बोटांना धूळ. चार तास बसून मी काउंट्यांचे आकडे वहीत उतरवले. पलीकडच्या टेबलावरच्या ग्रंथपाल बाई, साठीच्या, चष्मा साखळीला, जाता जाता वहीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला घरांचं हवंय की कुटुंबांचं? हा कुटुंबांचा रकाना आहे."

चार तास वाया. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, माझ्या डोक्यात दोन्हींना 'कुटुंब' हा एकच. इथल्या जनगणनेत कुटुंब म्हणजे नात्याची किमान दोन माणसं. घर म्हणजे एका निवासात राहणारे सगळे: एकटी आजी हे एक घर, भाड्याने राहणारी चार पोरं मिळूनही एक घर. दोन कमावती माणसं असण्याची शक्यता कुटुंबात जास्त, म्हणून त्यांचा मध्यक वर असतो. १९९९ मध्ये देशभरात घरांचा ४१,९९४, कुटुंबांचा ५०,०४६. हा फरक न कळता कुणी मागच्या दशकाला कुटुंबं आणि पुढच्याला घरं जोडली, तर आठ हजार डॉलरची घसरण आपोआप तयार होते. मी तेच करायला निघाले होते. त्या दिवशी वहीत 'घरटी' लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. १९७९ चा नादही तिथेच सोडला.

संध्याकाळी कराडला फोन लावला. आमचे आबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. उत्पन्नाच्या दाखल्यांचे गठ्ठे त्यांच्या टेबलावरून गेलेले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आपल्या जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत. शहाणपणा आहे तो. माणसाला उत्पन्न विचारलं की तो आधी विचारतो, कशासाठी हवंय? आणि त्यावर आकडा ठरतो."

"आबा, इथे दाखला मिळत नाही त्यावर. नुसती पाहणी असते."

"मग तर आठवेल तो सांगेल. तू त्या आकड्याला पैशापर्यंत खरा धरू नकोस."

हे वाक्य नोव्हेंबरात उपयोगी पडलं.

त्याआधी ब्रूमफिल्ड. ही काउंटी १५ नोव्हेंबर २००१ ला जन्मली. आधी ते नुसतं शहर होतं आणि चार काउंट्यांत वाटलेलं: बोल्डर, ॲडम्स, जेफरसन, वेल्ड. एका गावाची चार तहसिलं असावीत तसं. त्यामुळे १९९९ चा 'ब्रूमफिल्ड काउंटी'चा आकडा कुठेही नाही. मी शहराचा घेतला, ६३,९०३, आणि टीप टाकली की हद्द तंतोतंत तीच नाही. कोड्याचा दुसरा भाग नंतर लक्षात आला: २००० च्या ॲडम्समध्ये ब्रूमफिल्ड शहराचा तुकडा मोजलेला आहेच. दोन्ही एकत्र केले तर तो दोनदा येतो. सुदैवाने शहरांचे काउंटीनिहाय तुकडे त्या फायलींत वेगळे मिळतात, तेवढा वजा केला.

तुमच्या राज्यात असं काही नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५ मध्ये ओग्लाला लाकोटा झाली, नावासोबत क्रमांकही बदलला. व्हर्जिनियातलं बेडफर्ड शहर २०१३ मध्ये बेडफर्ड काउंटीत विलीन झालं. कनेटिकटने तर कमाल केली, आठ काउंट्यांच्या जागी २०२२ च्या आकड्यांपासून नऊ नियोजन प्रदेश, हद्दीही वेगळ्या.

आता दोन काउंट्यांचा मिळून एक आकडा. मी ४७,३२३ आणि ६३,९०३ यांची सरासरी काढून ५५,६१३ लिहिले आणि बैठकीत मांडले. आमचे खजिनदार सत्तरीचे, निवृत्त अकाउंटंट. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मधल्या दोन माणसांची सरासरी म्हणजे मधला माणूस का?" बस्स. २००० साली ॲडम्स ब्रूमफिल्डच्या नऊपटींहून मोठी होती, आणि मी दोघांना समान वजन दिलं होतं. पण वजन देऊनही मध्यक निघत नाही.

मार्ग असा: मध्यक विसरायचा आणि उत्पन्नगटांचा तक्ता घ्यायचा, ज्यात १०,००० खाली किती घरं, १०,००० ते १४,९९९ किती, असे १६ गट असतात. दोन्ही काउंट्यांची घरं गटागटाने बेरीज करायची. समजा एकूण १,००० घरं. खालून मोजत गेलं तर ५०,००० पर्यंत ४८० घरं झाली आणि पुढच्या ५०,००० ते ५९,९९९ या गटात १०० आहेत. मधलं घर म्हणजे ५०० वं, त्या गटातलं विसावं. गटाची रुंदी १०,०००, त्याचा पाचवा हिस्सा २,०००. मध्यक ५२,०००. वहीच्या मागच्या पानावर होतं हे गणित. १९९० च्या तक्त्यात २५ गट आहेत, उलट २००० पासून आजपर्यंत तेच १६. पंचवीस वर्षांच्या महागाईनंतरही वरचा गट '२,००,००० आणि अधिक' इथेच थांबतो. डग्लससारख्या ठिकाणी तो गट किती फुगला असेल बघा.

ट्रॅक्ट म्हणजे काउंटीच्या आतले छोटे भाग. तेही एकदा ओढून पाहिले, ब्रूमफिल्डची हद्द तपासायला. सरासरी उत्पन्न उणे काही कोटी आलं. शोधलं तर एका ट्रॅक्टचं मध्यक -६६,६६,६६,६६६ डॉलर. आकडा काढता येत नाही, हे सांगण्याची ती सांकेतिक पद्धत. मला हसू आलं, मग रडू. आकडेमोडीआधी सगळे उणे आकडे गाळून टाका.

नोव्हेंबर गेला चूक-मर्यादेत, म्हणजे खरा आकडा छापलेल्या आकड्याच्या किती वर-खाली असू शकतो त्या अंतरात. पाहणीतल्या प्रत्येक आकड्यापुढे ± असतं, मी ते तोवर रकाना लपवून ठेवलं होतं. ते ९० टक्के विश्वासपातळीचं असतं, १.६४५ ने भागलं की प्रमाण त्रुटी. दोन वर्षांतला फरक खरा की नुसता हेलकावा हे पाहायला दोन्ही त्रुटींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचं आणि फरकाला त्याने भागायचं, उत्तर १.६४५ हून मोठं आलं तरच बोलायचं. ॲडम्सची मर्यादा छोटी, ब्रूमफिल्डची बरीच मोठी. हौसेने सॅन वान काउंटीही पाहिली. सिल्व्हर्टन गावाची ती काउंटी, २०२० साली अख्खी वस्ती ७०५. तिथे पाच वर्षांचा माल एकत्र करूनही मर्यादा इतकी रुंद की वर गेलं की खाली काहीच म्हणता येईना. आबांचं 'पैशापर्यंत खरा धरू नकोस' तिथे डोळ्यांसमोर आलं.

मधल्या वर्षांसाठी, विशेषतः २००० ते २००८ च्या खड्ड्यासाठी, साईपीचा आधार मिळाला. हे जनगणना विभागाचेच अंदाज. १९९७ पासून दरवर्षी, प्रत्येक लहानमोठ्या काउंटीसाठी. शाळांना मिळणाऱ्या केंद्रीय निधीच्या वाटपात यांतले गरिबीचे आकडे वापरतात. पाहणीचा आकडा आणि करविवरणपत्रांसारख्या नोंदींवरून बांधलेलं प्रारूप यांची त्यात सांगड असते. काउंटी जितकी लहान, तितका भार प्रारूपावर. मला फार आवडलं, पण दोन गोष्टी सांभाळा. हे आकडे त्या त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतात, इथे महागाई चढवायचीच. आणि २००५ पासून त्यांनी पायाभूत पाहणी बदलली, म्हणून २००४ आणि २००५ च्या मध्ये एक सांधा आहे. तिथे रेघ हलली तर लगेच कारणं शोधू नका.

१२ डिसेंबर २०२४ ला २०१९-२३ चे पाचवर्षीय आकडे येणार होते. त्या दिवशी कामावरून लवकर आले, चहा ठेवला, आकडे ओढले, आलेखात घातले. मग दिसलं की माझ्याकडे आधीची खेप २०१५-१९ ची आहे. दोघांत २०१९ सामाईक, आणि सामाईक वर्ष असलेल्या खेपांची तुलना करू नये असा नियम. चहा निवला. सगळं पुन्हा मांडलं: २००९-१३, २०१४-१८, २०१९-२३. सगळे डॉलर २०२३ चे, निर्देशांक ३०४.७०२. तुम्ही शेवटच्या खेपेपासून उलट मोजत आलात तर हे तीन दिवस वाचतील. २०२० चा नेहमीचा वार्षिक अंदाज शोधू नका, महामारीमुळे तो काढलाच नाही. प्रायोगिक आकडे आहेत, ते मी वापरले नाहीत.

खर्च: ग्रंथालयात गाडी लावायचे १२ डॉलर, रंगीत छपाई १९. आकडे सगळे फुकट. वेळ मी लिहून ठेवला होता, १०८ तास.

शेवटचा आलेख सुंदर नाही. १९८९ आणि १९९९ ला सुटे ठिपके. १९९७ पासून साईपीची बारीक रेघ, २००५ पाशी मुद्दाम तोडलेली. पाचवर्षीय अंदाज आडव्या पट्ट्यांनी, कारण ते एका वर्षाचे नाहीतच, आणि पट्टीभोवती चूक-मर्यादेची फिकट छटा. खाली टिपांच्या सहा ओळी. सगळं एका सलग रेघेत गुंफलेला खर्डाही माझ्याकडे होता, दिसायला फार छान. संचालक बाईंना तोच आवडला. मी नाही म्हटलं, आणि मला वाटतं संस्थेत मी पहिल्यांदाच नाही म्हटलं.

१६ जानेवारीच्या रात्री छापील प्रत खजिनदारांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर केला, कागद दिव्याखाली धरला आणि विचारलं, "इथे रेघ तुटली आहे. शाई संपली का?"

"नाही," मी म्हटलं, "तिथे प्रश्न विचारणारा बदललाय."

त्यांनी टिपांच्या सहाही ओळी वाचल्या, पेनने एका स्वल्पविरामाला गोल केला आणि सही केली.